खाजण : खाडीच्या कुशीतील भूमी

पणजीहून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याकडे जाताना दुतर्फा दलदल, तिवरांची झाडी आणि पाणथळ शेते दिसतात. प्रवासी तिला पडीक जमीन समजतो. वस्तुतः तिची घडण मोठी विचारप्रवर्तक आहे.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी त्या काळात आपली पात्रे खोल कोरली. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला आणि दऱ्यांची मुखे बुडाली. मांडवी आणि झुआरी यांच्या खाड्या म्हणजे अशाच बुडालेल्या दऱ्या होत. येथे उतार संपतो, प्रवाह मंदावतो. गोड्या पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण खारे पाणी लागताच एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. तिवरांची मुळे तो गाळ धरून ठेवतात. जांभ्या दगडाच्या टेकड्यांमध्ये सपाट, चिखलमय खोरी तयार होतात ती अशी.

आमच्या पूर्वजांनी या चिखलाभोवती बांध घातले आणि खाजण शेती उभी केली. बांधातील लाकडी दरवाजा म्हणजे मानस. ओहोटीस आतील पाण्याच्या दाबाने तो उघडतो. भरतीस बाहेरच्या दाबाने आपोआप मिटतो. मात्र भरती अडली की नव्या गाळाची भरही थांबते. म्हणून शेत भरतीच्या पातळीखालीच राहते. बांध फुटला तर एका भरतीत खारे पाणी शेतभर पसरते, आणि त्या मिठाचा निचरा व्हावयास पावसाळे जावे लागतात.

हा चिखल कायमचा वाळविणेही घातकच. त्यात लोह व गंधक यांचे संयुग दडलेले असते. हवा लागताच त्याचे आम्ल बनते व माती नापीक होते. अर्थात ही भूमी पुरती बुडूनही चालत नाही आणि पुरती सुकूनही!

पूर्वी बांधांची निगा गावकरी संस्था राखीत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. जेथे शेतीच सुटली, तेथे बांधाकडे पाहणार कोण, हाच आज खरा प्रश्न आहे.

सुटीत मुलांना गोव्यास नेणाऱ्या पालकांस आमची एवढीच विनंती : देवळे आणि किनारे पाहून झाल्यावर ओहोटीच्या वेळी एखाद्या मानशीपाशी दोन घटका अवश्य थांबावे. भूगोलाचा असा धडा पुस्तकात मिळणार नाही.