लंडनचे वार्तापत्र : पोलिसांनी गाजवलेली रस्सीखेच

लंडनचा बहुतेक भाग मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या हद्दीत येतो. मात्र बँका आणि सेंट पॉल कॅथीड्रल असलेला जेमतेम चौरस मैलाचा जुना गाभा, म्हणजे ‘सिटी’, स्वतःचं वेगळं पोलीस दल राखून आहे. या चिमुकल्या दलातल्या शिपायांनी ब्रिटनला ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं मिळवून दिली, तीही रस्सीखेचीत.

1900 ते 1920 या काळात रस्सीखेच ऑलिंपिकमध्ये होती. 1908 साली इथल्या व्हाइट सिटी स्टेडियमवर सिटी पोलीस पहिले, लिव्हरपूल पोलीस दुसरे आणि मेट्रोपॉलिटनचा ‘के’ विभाग तिसरा आला. लिव्हरपूलकरांच्या जड बुटांवर अमेरिकी संघाने हरकत घेतली. ‘हे आमचे रोजच्या ड्युटीचेच बूट’ हा खुलासा मान्य झाला आणि अमेरिकी संघाने स्पर्धा सोडली. 1912 मध्ये स्टॉकहोमला स्वीडनने ब्रिटनला हरवलं. 1920 मध्ये अँटवर्पला ब्रिटन पुन्हा जिंकलं. त्यानंतर हा खेळ ऑलिंपिकमधून वगळला गेला.

इथे मात्र तो टिकला, कारण त्याची मुळं पोलीस, सैन्य आणि शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत होती. स्कॉटलंडच्या हायलँड गेम्समध्ये आणि तरुण शेतकऱ्यांच्या क्लबांत आजही दोर ताणले जातात. 1958 साली इंग्लंडमध्ये या खेळाची स्वतंत्र संघटना झाली, 1960 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ आला आणि 1975 मध्ये नेदरलँड्समध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली.

क्लबांच्या सामन्यांत दोन्हीकडे आठ-आठ जण असतात. प्रतिस्पर्ध्यांना चार मीटर ओढलं की एक खेच जिंकली. तीनपैकी दोन जिंकणारा विजयी. आठ जणांच्या एकत्रित वजनावर गट ठरतात, त्यामुळे नुसत्या धिप्पाडपणाचा उपयोग नाही. जमिनीवर बसलं की फाउल. दोर अंगावरून फक्त शेवटचा ‘अँकर’ घेतो. खरी ताकद लागते पायांत. अंग मागे झोकून, टाचा रोवून, प्रशिक्षकाच्या इशाऱ्यावर आठही जणांनी एकाच क्षणी रेटा द्यायचा असतो. एकाची लय चुकली की बाकीच्या सातांची मेहनत वाया.

या खेळात एकट्याचा विक्रम होत नाही आणि त्याला महागडं साहित्यही लागत नाही. चार वर्षांनी भरणाऱ्या ‘वर्ल्ड गेम्स’मध्ये तो आहेच. ऑलिंपिकनेही त्याला परत बोलवावं, असं मला मनापासून वाटतं. साध्या नोकरदारांनी आणि शेतकऱ्यांनी जपलेल्या खेळाचा तेवढा हक्क नक्कीच आहे.