बुरशीवरचं नवं औषध यायला इतकी वर्षं का लागतात?

पावसाळा सुरू झाला की जुईनगरच्या प्रत्येक इमारतीत एकदोन घरं तरी अशी असतात जिथे कुणाला तरी दाद झालेली असते. कुणी गजकर्ण म्हणतं, कुणी नायटा. दमट हवा, लोकलची गर्दी, अंगावर वाळणारा घाम आणि घरात सगळ्यांना मिळून एकच टॉवेल. मग मेडिकलमधून एक ट्यूब येते, चार दिवसांत खाज थांबते आणि महिनाभरात तीच दाद दुप्पट होऊन परत येते. "विज्ञान इतकं पुढे गेलं, मग साध्या बुरशीवर नवीन औषध का नाही?" असं मुलं वर्गातही विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी नवं औषध कसं तपासलं जातं ते समजून घ्यावं लागेल.

बुरशी आपली लांबची नातेवाईक

बॅक्टेरियाची पेशी आपल्या पेशीपेक्षा खूप वेगळी असते. म्हणून बॅक्टेरियाला मारणारी आणि माणसाला न दुखवणारी औषधं त्या मानाने बरीच सापडली. बुरशीचं तसं नाही. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक असतं आणि आतली बरीचशी यंत्रणाही आपल्यासारखीच चालते. तिला मारणारं रसायन आपल्यालाही मारू शकतं.

मग फरक कुठे शोधायचा? एक मोठा फरक पेशीच्या पातळ आवरणात आहे. आपल्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. आजची बहुतेक औषधं याच फरकावर चालतात. फ्लुकोनाझोल आणि टर्बिनाफाइन एर्गोस्टेरॉल तयार होण्याचं काम वेगवेगळ्या टप्प्यांवर अडवतात. अॅम्फोटेरिसिन-बी तयार एर्गोस्टेरॉललाच पकडतं. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिस पसरला तेव्हा महाराष्ट्रात नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी दारोदार फिरत होते, ते हेच. ते प्रभावी आहे, पण किडनीवर त्याचा ताण येतो. फरक थोडा, म्हणून धोका जास्त.

पुण्यातली दोन उदाहरणं

हे काम फक्त परदेशात होतं असं नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक वेगळं केलं. त्या जिवाणूचं नावच पिंपरीवरून ठेवलं गेलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

ते निसर्गात सापडलेलं औषध होतं. दुसरा मार्ग म्हणजे प्रयोगशाळेत नवा रेणू बांधायचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, रसायनशास्त्रज्ञांनी फ्लुकोनाझोलचा रेणू घेतला. त्यात ट्रायझोल नावाची दोन कडी असतात. त्यातलं एक काढून त्याजागी वेगळ्या रचनेचं ट्रायझोल बसवलं, त्याला निरनिराळ्या शेपट्या जोडल्या आणि नव्या संयुगांची एक मालिकाच तयार केली. २००९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही त्यात होते. काही संयुगं कँडिडा या बुरशीवर जोरदार चालली. निवडक संयुगं उंदरांवरही तपासली गेली आणि त्यांच्या अंगातली बुरशी बरीच कमी झाली. तरीही आज ती मेडिकलमध्ये मिळत नाहीत. कारण ही पहिली परीक्षा होती. पुढच्या अजून बाकी राहतात.

पहिली परीक्षा: ९६ खळग्यांची प्लेट

तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट घ्या. त्यात ८ ओळी आणि प्रत्येक ओळीत १२ छोटे खळगे. प्रत्येक खळग्यात बुरशीचं पोषक द्रव्य. पहिल्या खळग्यात नव्या संयुगाचं प्रमाण समजा ६४, दुसऱ्यात ३२, मग १६, ८, ४, असं दर वेळी निम्मं. त्यात मोजून बुरशी टाकायची. एका खळग्यात औषध नाही, फक्त बुरशी. ती वाढलीच पाहिजे, नाहीतर प्रयोग फुकट. एकात बुरशीच नाही. तो स्वच्छच राहिला पाहिजे. शेजारच्या ओळीत जुनं औषध, तुलनेसाठी.

प्लेट ३५ अंशांवर ठेवतात. कँडिडासाठी साधारण एक दिवस, दादेच्या बुरशीसाठी चारपाच दिवस. मग बघायचं, कुठल्या सर्वांत कमी प्रमाणात वाढ थांबली. हा आकडा जितका लहान, तितकं संयुग ताकदवान.

पण वाढ थांबली म्हणजे बुरशी मेली असं नव्हे. म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या खळग्यातला थेंब औषध नसलेल्या ताज्या प्लेटवर ठेवतात. तिथे बुरशी पुन्हा उगवली, तर ती फक्त दबून बसली होती. आपली दाद परत का येते, त्याचं एक कारण इथेच दिसतं. अर्धवट सोडलेला कोर्स म्हणजे दबून बसलेल्या बुरशीला दिलेली मोकळीक.

खरी परीक्षा माणसाची

यानंतर तेच संयुग माणसाच्या पेशींवर आणि रक्तातल्या लाल पेशींवर टाकतात. त्या फुटल्या तर संयुग बाद. मग प्राणी, मग थोडे निरोगी माणसं, मग रुग्ण. बहुतेक संयुगं या वाटेवरच गळतात. बाजारात आल्यावरही सुटका नाही. केटोकोनाझोलच्या गोळ्या अनेक वर्षं वापरात होत्या. लिव्हरला इजा होते म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर कडक बंधनं घातली आणि युरोपच्या औषध संस्थेने त्या थांबवायची शिफारस केली.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितलं की आधीच्या दहा वर्षांत अमेरिका, युरोप किंवा चीनमध्ये बुरशीवरच्या फक्त ४ नव्या औषधांना मान्यता मिळाली.

आपल्या हातात काय?

नवी औषधं हळू येतात आणि जुनी वेगाने निकामी होत आहेत. दादेची एक हट्टी बुरशी भारतात पसरली आहे. २०२० मध्ये तिला नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच हिंद आहे. तिच्या अनेक जातींवर टर्बिनाफाइन चालत नाही. बुरशीच्या एका जनुकात छोटासा बदल होतो आणि औषध नेम चुकतं.

यात स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबांनी भर घातली. स्टेरॉइड लालपणा आणि खाज दाबतं, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं. वरून बरं दिसतं, आत बुरशी पसरत राहते. २०१८ मध्ये सरकारने अशा स्टेरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचं बंधन घातलं. तरी "भाई, ती खाजेवाली ट्यूब द्या" हे अजून ऐकू येतंच.

तेव्हा एवढं करा. स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नका, शेजारच्या खालाची उरलेली तर नकोच. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि खाज गेली तरी त्यांनी सांगितलेले दिवस औषध पूर्ण करा. घरात अजून कुणाला असेल तर सगळ्यांनी एकदम इलाज घ्या. टॉवेल, बनियान, टोपी, ओढणी ज्याची त्याची वेगळी. अंग कोरडं करूनच कपडे घाला. पावसात कपडे नीट वाळत नसतील तर इस्त्री फिरवा.

आणि ज्या मुलामुलींना केमिस्ट्री आवडते, त्यांच्या अम्मी-अब्बांना एक विनंती. डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्यापलीकडे हाही एक रस्ता आहे. फार्मसी, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्राचं संशोधन. नवा रेणू कुणीतरी बांधावा लागतो आणि त्या ९६ खळग्यांसमोर कुणीतरी सब्र धरून बसावं लागतं. तोवर आपल्याकडे आहेत ती मोजकी औषधं वाया घालवणं आपल्याला परवडणारं नाही.