मास्क, लस आणि रेशनचे धान्य

मंडळाच्या अभ्यासिकेत संविधान दिनानिमित्त चर्चा ठेवली होती. मूलभूत हक्कांवर चार शब्द बोलून आम्ही खाली बसलो, तोच बारावीतील एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "काका, घटनेने स्वातंत्र्य दिले आहे, तर मग कोरोनात लस घेतली नाही म्हणून रेशन मिळणार नाही असे आमच्या आजीला कसे काय सांगितले?" वेळ संपत आली होती. आम्ही काहीतरी थातूरमातूर सांगून सुटका करून घेतली. ते उत्तर आम्हाला स्वतःलाच पटले नव्हते. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा ती बाकी चुकती करावी असे ठरविले.

प्रथम घटना काय घडली ते पाहू. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुमारे 55 टक्के पात्र लोकांनीच लसीची पहिली मात्रा घेतली होती. राज्याचे प्रमाण 74 टक्के होते आणि 36 जिल्ह्यांत आपला क्रमांक 26 वा होता. तेव्हाचे जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी आदेश काढला, की किमान एक मात्रा घेतल्याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि रेशन देऊ नये. अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला या ठिकाणीही तीच अट घातली. लस केंद्रांवरच्या रांगा वाढल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आदेशाचा परिणाम झालाच नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

पण जे मागे राहिले होते ते कोण होते? त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला दिवसभरात शंभर प्रकारचे लोक भेटतात. रोजंदारीवर जाणारा सांगे, "साहेब, लस घेतली की दोन दिवस ताप येतो. दोन दिवसांचा रोज कोण देणार?" कुणाकडे मोबाईल नव्हता, कुणाच्या मोबाईलवर आलेला क्रमांक सांगायला घरात शिकलेले कुणी नव्हते. 1 मे 2021 पासून 18 वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली खरी, परंतु पहिले काही आठवडे ती मिळवायची तर कोविन संकेतस्थळावर वेळ पकडावी लागे आणि ती ज्याचे इंटरनेट जलद त्यालाच मिळे. आणि काहींना निव्वळ भीती वाटत होती. ही भीती आजची नाही. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि लस चांगलीच होती. तरी 1902 साली पंजाबात मुलकोवाल येथे दूषित बाटलीमुळे 19 माणसे धनुर्वाताने दगावली.

आता कायदा. घटनेच्या कलम 19 मधील फिरण्याचे, व्यवसायाचे स्वातंत्र्य हे वाजवी निर्बंधांच्या अधीन आहे. कलम 21 जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करते. कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. कोरोनातील आदेश निघाले ते मुख्यतः 1897 चा साथरोग कायदा आणि 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे. पहिला कायदा इंग्रजांनी प्लेगच्या वेळी केला, आणि त्याच वर्षी पुण्यात सोल्जर घराघरांत शिरून तपासणी करू लागले. लोकांचा संताप इतका वाढला, की प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर 22 जूनला गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत रुग्णांची शुश्रूषा करीत होते. सावित्रीबाई त्यातच 10 मार्च 1897 रोजी गेल्या. साथ एकच होती. एका बाजूने सरकार दार ठोठावत होते, दुसरीकडे रुग्णाला उचलून आणणारी माणसे होती. शाळेच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत येतात, म्हणून त्या शेजारी ठेवून पाहायची सवय आपल्याला लागत नाही.

मास्क आणि लस यांची सक्ती एकाच मापाने मोजू नये, असे आमचे मत आहे. मास्क संध्याकाळी काढून खुंटीला अडकवता येतो. टोचलेली लस शरीरातून परत काढता येत नाही. शिवाय मास्क हा आपल्यापेक्षा समोरच्यासाठी अधिक असतो. आपल्याला लक्षण नसतानाही आपल्या श्वासातून दुसऱ्याला आजार जाऊ शकतो. म्हणून नोव्हेंबर 2021 च्या राज्याच्या नियमांत मास्क नसल्यास 500 रुपये दंड होता, त्यात आम्हाला अन्याय दिसत नाही. ती अट राज्याने 2022 च्या गुढीपाडव्यापासून मागे घेतली.

तथापि चांगला नियमही कसा राबवला जातो यावर पुष्कळ अवलंबून असते. आमच्या शाखेच्या दारावर "मास्कशिवाय प्रवेश नाही" अशी पाटी होती. एके दिवशी खेड्यातून एक म्हातारी निराधार योजनेचे पैसे काढायला आली. पदर तोंडावर घट्ट धरलेला. दारावरच्या माणसाने पाटीकडे बोट दाखवून तिला परत पाठविले. आम्ही काचेमागून हे पाहिले आणि नोटा मोजत राहिलो. आमच्या टेबलाच्या खणात त्या वेळी दहा-बारा मास्कचे पाकीट पडलेले होते. ती पायऱ्या उतरून गेल्यावर ते आठवले. बाहेर जाऊन पाहिले, तोवर ती दिसेनाशी झाली होती. नियम आम्ही पूर्णपणे पाळला होता.

सर्वोच्च न्यायालयाचा या विषयावरील निकाल 2 मे 2022 चा आहे. बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांनी याचिका केली होती. न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांचे खंडपीठ होते. अमरावतीचे गवई साहेब पुढे 2025 मध्ये सरन्यायाधीश झाले, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. न्यायालय म्हणाले, की स्वतःच्या शरीरावरचा हक्क कलम 21 मध्ये येतो, म्हणून कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासन निर्बंध घालू शकते. ते हेतूच्या प्रमाणात असले पाहिजेत. लस न घेतलेल्याकडून आजार अधिक पसरतो असे दाखविणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नव्हती. म्हणून रुग्णसंख्या कमी आहे तोवर लस न घेतलेल्यांवरील निर्बंध मागे घ्यावेत, असे सुचविले. मास्कसारख्या इतर नियमांना ही सूचना लागू नव्हती. सरकारचे लसीकरणाचे धोरण न्यायालयाने अवाजवी ठरविले नाही. पण लसीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवा, असेही बजावले. कित्येक लोक या निकालाचा अर्धाच भाग सांगतात. लसविरोधक पहिला सांगतात, बाकीचे शेवटचा.

या कसोटीवर आपल्या जिल्ह्याचा आदेश घासून पाहू. वेरूळची लेणी पाहायला जाणे महिनाभर लांबले तर कोणाचे पोट उपाशी राहत नाही. पेट्रोलचे उत्तर इतके सरळ नाही, कारण रिक्षावाल्याचे पोट त्यावर आहे. रेशनचे धान्य मात्र 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. ज्याच्या घरी वर्षाचा गहू भरलेला असतो त्याला ही अट जाणवलीही नाही. म्हणून उद्देश चांगला असूनही रेशनची अट चुकीची होती, असे आम्ही म्हणतो. जिल्हाधिकाऱ्यांपुढे तिसऱ्या लाटेची धास्ती होती, दुसऱ्या लाटेत घाटी रुग्णालयाची अवस्था या शहराने पाहिली होती, हे विसरून आम्ही हे लिहीत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत सांगितले, की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकींपासून तोडता येत नाहीत. मास्क झिडकारणारा स्वातंत्र्य घेतो आणि बंधुता सोडतो. रेशन अडविणारा आदेश बंधुतेच्या नावाने निघतो आणि समता सोडतो. विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन काढल्याची कथा आपण नेहमी ऐकतो. तिच्याच पुढे शुश्रूषेला सोपा रुग्ण कोणता तेही सांगितले आहे: जो औषध घेतो आणि आपल्या दुखण्याविषयी शुश्रूषा करणाऱ्याला खरे सांगतो. कर्तव्य दोन्हीकडून आहे. हा पुढचा भाग व्याख्यानांत फारसा येत नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही नंतर गाठून विचारले, आजीने मग लस घेतली का? घेतली, म्हणाला. रेशन दुकानदाराच्या धाकाने नव्हे. वस्तीतली आशाताई तीनदा घरी आली होती. तिसऱ्यांदा ती कागद न काढता ओट्यावर टेकली आणि स्वतःला लसीनंतर किती ताप आला, किती दिवस हात दुखला, ते सगळे सांगत बसली. दुसऱ्या दिवशी आजी तिच्याबरोबर केंद्रावर गेली.