गणवेशाची गोष्ट (भाग ९) : आकाशातले खलाशी

मागच्या भागात आपण वकिलांच्या काळ्या कोटापाशी थांबलो होतो. तो कोट निदान कोर्टकचेरीतच वाढला. आजचा गणवेश मात्र सरळ सरळ उसना आहे. वैमानिकाचा गडद निळा नाहीतर काळा कोट, बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या, कपाळावर झाप असलेली टोपी, यातली एकही वस्तू विमानासाठी जन्माला आलेली नाही. सगळा ऐवज जहाजावरचा.

विमान उडवायला खरोखर काय लागत होतं, हे पहिल्या महायुद्धाच्या काळातले फोटो पाहिले की कळतं. वैमानिक बसायचा उघड्यावर, अंगावर वारा घेत. म्हणून चामड्याचं जाकीट, कानटोपी, गॉगल आणि गळ्यात रेशमी रुमाल. हा रुमाल छानछोकीचा वाटतो, पण मान सारखी इकडेतिकडे वळवताना जाड कॉलरने ती सोलून निघू नये, यासाठी तो असायचा. गॉगलवर उडालेलं तेल पुसायलाही तोच. आणि हे तेल म्हणजे साक्षात एरंडेल! त्या काळच्या, स्वतःभोवतीच गरगर फिरणाऱ्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल लागायचं आणि ते मागे बसलेल्याच्या तोंडावर फवारलं जायचं. दिवसभर ते नाकातोंडात गेल्यावर पुढे काय होत असेल, हे लहानपणी रविवारी सकाळी एरंडेल प्यायलेल्या वाचकाला मी सांगायला नको.

युद्ध संपल्यावर यातले बरेच जण टपाल वाहू लागले. पोशाख तोच राहिला, कारण टपालाच्या थैल्यांना भीती वाटत नाही. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानातही पत्रंच होती. खरी पंचाईत झाली ती मागच्या खुर्चीत तिकीट काढलेला माणूस येऊन बसला तेव्हा. तेल माखलेला, गॉगलवाला साहसवीर लांबून टाळ्या वाजवायला ठीक. आपली बायकापोरं त्याच्या हवाली कोण करणार?

आणि लोक घाबरत होते ते काही उगाच नाही. ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यात एका फोकर विमानाचा लाकडी पंख हवेतच मोडला आणि आतले सगळे दगावले. त्यांत नूट रॉकनी हा अमेरिकी फुटबॉलचा अतिशय लोकप्रिय प्रशिक्षक होता. देशभर हळहळ झाली आणि विमानात बसावं की नाही, याची चर्चा घराघरांत सुरू झाली.

त्याच वर्षी पॅन अमेरिकन कंपनीने सिकॉर्स्कीची एस-४० ही उडती बोट सेवेत आणली. पॅन ॲमचा सूत्रधार हुआन ट्रिप. येल विद्यापीठात शिकलेला, वॉल स्ट्रीटवर मन रमेना म्हणून विमानांकडे वळलेला. त्याचे मार्ग समुद्रावरून जाणारे, धावपट्ट्यांचा सगळीकडे दुष्काळ, म्हणून विमानं पाण्यावरच उतरायची. ट्रिपने ही गरज पुरेपूर वापरली. एस-४०चं नाव ठेवलं ‘अमेरिकन क्लिपर’. क्लिपर म्हणजे एकोणिसाव्या शतकातली वेगवान शिडाची जहाजं. श्रीमंत माणूस आगबोटीच्या कप्तानावर डोळे मिटून विश्वास टाकतो ना, मग आपला वैमानिक त्याच कप्तानासारखा दिसला पाहिजे, असा हा हिशेब. मग दुहेरी बटणांचा गडद कोट आला, पांढऱ्या कापडाची टोपी आली, बाहीवर पट्ट्या आल्या. वेग नॉटमध्ये मोजायचा. वरिष्ठ वैमानिकाचा हुद्दा तर ‘मास्टर ऑफ ओशन फ्लाइंग बोट्स’! कोकणातल्या मचव्यावर जो मान तांडेलाचा, तो इथे शिवून घेतला होता.

माझ्या मते हा विमान व्यवसायातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी शोध आहे. कोट शिवल्याने विमान तसूभरही सुरक्षित झालं नाही. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी ‘चायना क्लिपर’ टपाल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून मनिलाकडे निघालं, तेव्हा त्याचा कप्तान एडविन म्युझिक जगभर गाजला. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. जानेवारी १९३८ मध्ये सामोआजवळ त्याचं विमान पेटलं आणि तो सहा सहकाऱ्यांसह गेला. पण तोवर गणवेशाचं काम झालं होतं. इतर कंपन्यांनीही जहाजाचाच कित्ता गिरवला.

भाषाही त्या कपड्यांबरोबर आली. कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर, पर्सर, केबिन, गॅली, एअरपोर्ट, सगळी बंदरावरची मंडळी. (मराठीने तेवढं बंदर टाळून छावणीचा ‘तळ’ उचलला आणि विमानतळ केला, हे मला फार आवडतं.) बाहीवरच्या चार पट्ट्यांचा कप्तान, तीनचा फर्स्ट ऑफिसर, ही रुळलेली पद्धत. ब्रिटिश नौदलात वरच्या पट्टीला एक वेटोळं असतं, वैमानिकाच्या पट्ट्या मात्र सरळ. उष्ण हवेत कोट उतरला, तशा याच पट्ट्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसल्या. टोपीची गंमत और आहे. कॉकपिटमध्ये कानाला हेडफोन लावायचा, तेव्हा ती आधी खुंटीला लागते. म्हणजे ती घालायची विमानतळावर, प्रवाशांच्या नजरेसमोर. अनेक कंपन्यांनी आता ती सोडलीच आहे, आणि अमेरिकेत काही ठिकाणी चामडी जाकीट परतही आलंय.

पण कपड्यांनी मिळणारा विश्वास सगळ्यांना सारखा मिळाला नाही. हेलन रिची १९३४ मध्ये अमेरिकेत प्रवासी विमान चालवू लागली. वैमानिकांच्या संघटनेने तिला सदस्यत्व नाकारलं, खराब हवेत उडू दिलं नाही, वर्षभरात तिने नोकरी सोडली. पुढे १९७३ मध्ये फ्रंटियर कंपनीत एमिली हॉवेल वॉर्नर रुजू झाली. तिचा गणवेश आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आपल्याकडे इंडियन एअरलाइन्समध्ये १९८५ साली सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनी कोलकाता-सिलचर मार्गावर फोकर विमान नेलं. कॉकपिटमध्ये दोघीही स्त्रिया. पुढे भसीन २६व्या वर्षी जेट विमानाच्या कप्तान झाल्या. त्या काळातली त्यांनी सांगितलेली आठवण अशी की, सहकारी त्यांना लवकर कॉकपिटमध्ये जाऊन बसायला सांगत. बाई विमान चालवणार हे पाहून प्रवासी घाबरतील म्हणून. प्रवाशांची भीती घालवायला शिवलेला कोट अंगावर असताना, त्या कोटालाच लपायची वेळ आली!

आज भारतातल्या वैमानिकांत स्त्रियांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे.

पुढच्या आठवड्यात : परिचारिकेची पांढरी टोपी कुठून आली आणि कुठे गेली.