ल्युकेमियातील गुणसूत्रांची पुनर्रचना : जनुकीय कारणे व आनुवंशिकतेविषयीचा गैरसमज

प्रस्तावना

‘ल्युकेमिया हा जनुकीय विकार आहे’ हे विधान शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. मात्र मराठीतून शिकवताना ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. ‘आनुवंशिक’ म्हणजे घराण्यातून आलेला, असा अर्थ ऐकणारा घेतो. मग आजारी मुलाच्या आईकडे बोट दाखवले जाते, बहिणीच्या सोयरिकीची चिंता सुरू होते आणि आजार चारचौघांपासून लपवण्याकडे कल होतो. जीवशास्त्राच्या वर्गात हा फरक स्पष्ट झाला, तर त्याचा उपयोग परीक्षेपुरता राहत नाही. या दृष्टीने ल्युकेमियातील गुणसूत्रीय बदल कसे घडतात आणि त्यांत वारशाचा वाटा कितपत असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फिलाडेल्फिया गुणसूत्राचा शोध

कर्करोगाचे मूळ गुणसूत्रांतील बिघाडात असावे, असा तर्क जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोवेरी यांनी १९१४ मध्ये मांडला होता. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे निश्चित झाले ते १९५६ मध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६० मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या (सीएमएल) रुग्णांच्या रक्तपेशींत एक असाधारण लहान गुणसूत्र दिसले. शहराच्या नावावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ म्हणू लागले.

या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा गेला कोठे, याचे उत्तर शिकागो येथील जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये दिले. गुणसूत्रांवर पट्टे उमटवणाऱ्या नव्या रंजनपद्धतीने त्यांनी दाखवले की तुकडा नष्ट झालेला नसून ९ व्या व २२ व्या गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केलेली आहे. या प्रकारास ‘स्थानांतरण’ म्हणतात. पुढे १९८० च्या दशकात असे आढळले की या अदलाबदलीमुळे ९ व्या गुणसूत्रावरील ‘एबीएल’ हे जनुक २२ व्या गुणसूत्रावरील ‘बीसीआर’ जनुकाला जोडले जाते. एबीएलचे प्रथिन हे पेशीला वाढीचा संदेश देणारे विकर आहे. एरवी ते गरजेपुरतेच कार्य करते. जोडजनुकापासून तयार होणारे प्रथिन मात्र सतत चालू राहते आणि पेशी थांबल्याविना विभागत जाते.

हे गुणसूत्र रुग्णाच्या रक्तपेशींत सापडते, त्वचेच्या पेशींत सापडत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला सीएमएल झाला असता दुसऱ्याच्या रक्तात ते आढळले नाही. दोघांचा वारसा एकच असताना बदल मात्र एकातच होता. याचा अर्थ असा की, हा बदल आईवडिलांकडून आलेला नसून अस्थिमज्जेतील एका पेशीत जन्मानंतर घडलेला आहे.

तुटणे आणि चुकीचे जुळणे

स्थानांतरण घडण्यासाठी दोन गुणसूत्रे एकाच वेळी तुटावी लागतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटणे ही पेशीच्या जीवनात विरळ घटना नव्हे. डीएनएची प्रत काढताना, चयापचयात निर्माण होणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजनमुळे किंवा किरणोत्सर्गामुळे असे तुकडे होतात. हिरोशिमा व नागासाकी येथे १९४५ मध्ये झालेल्या अणुबाँबहल्ल्यांतून वाचलेल्या लोकांत पुढील काही वर्षांत ल्युकेमियाचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसले. बेन्झीनचा दीर्घकाळ संपर्क हेही एक सिद्ध कारण आहे.

तुटलेली टोके जोडण्याची यंत्रणा प्रत्येक पेशीत असते. तिच्यातील एक पद्धत फारशी पडताळणी न करता जवळ असलेली दोन टोके सांधते. फाटलेल्या दोन पानांचे तुकडे घाईत चिकटवावेत आणि एकाचा अर्धा भाग दुसऱ्याला लागावा, तसे येथे होते. कोणती टोके एकमेकांना लागतील, हे काही अंशी केंद्रकातील जागेवर ठरते. रक्त निर्माण करणाऱ्या पेशींत बीसीआर व एबीएल ही जनुके अपेक्षेपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळ असतात, असे सूक्ष्मदर्शकीय अभ्यासांतून दिसून आले आहे.

लसिका पेशींत आणखी एक कारण असते. नाना प्रकारची प्रतिपिंडे तयार करता यावीत म्हणून या पेशी आपलाच डीएनए मुद्दाम कापतात व जोडतात. हे काम ‘रॅग’ नावाची विकरे करतात. ती चुकीच्या ठिकाणी कापू लागली, तर रोगप्रतिकारासाठी असलेली यंत्रणाच बिघाडाचे कारण ठरते. काही औषधांमुळेही असे घडते. इटोपोसाइडसारखी कर्करोगविरोधी औषधे टोपोआयसोमरेज या विकराने कापलेला डीएनए पुन्हा जोडू देत नाहीत. त्यामुळे पहिल्या कर्करोगातून बरे झालेल्या काही थोड्या रुग्णांत दोन-तीन वर्षांनी ११ व्या गुणसूत्रावरील ‘केएमटी२ए’ जनुकाचे स्थानांतरण होऊन ल्युकेमिया उद्भवतो.

जन्मापूर्वीची घटना

मुलांतील ल्युकेमियाबाबत प्रश्न अधिक नाजूक असतो. दोन-चार वर्षांच्या मुलाने आयुष्यात असे काय केले असणार, म्हणजे हा आजार जन्मतःच आला असला पाहिजे, असे म्हटले जाते. लंडनमधील मेल ग्रीव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या प्रश्नाचा माग काढला. ल्युकेमिया झालेल्या एकसारख्या जुळ्यांच्या पेशींत गुणसूत्र अगदी एकाच बिंदूवर तुटलेले आढळले. नवजात बालकांच्या टाचेतून घेऊन कागदावर जपून ठेवलेल्या रक्ताच्या थेंबांतही, आजार प्रकट होण्यापूर्वी कित्येक वर्षे, तोच बदल सापडला. बदल गर्भावस्थेत एका जुळ्याच्या एका पेशीत घडला होता. सामाईक वारेतून त्या पेशीची संतती दुसऱ्याच्या रक्तात गेली होती.

म्हणजे बदल जन्मापूर्वीचा असला तरी तो वारशाने आलेला नव्हता, कारण आईवडिलांच्या पेशींत तो नव्हता. शिवाय केवळ तेवढ्याने आजार होतोच असेही नाही. ‘ईटीव्ही६–आरयूएनएक्स१’ हे जोडजनुक घेऊन जन्मलेल्या बालकांपैकी फार थोड्यांना पुढे ल्युकेमिया होतो. त्यासाठी जन्मानंतर आणखी जनुकीय बदल घडावे लागतात.

वारशाचा खरा वाटा

वारशाचा काहीच संबंध नाही, असे म्हणणेही चूक ठरेल. फॅन्कोनी अॅनिमिया, ब्लूम सिंड्रोम व अॅटॅक्सिया टेलँजिएक्टेसिया या विकारांत डीएनए सांधणारी किंवा त्याच्या बिघाडाची दखल घेणारी यंत्रणाच जन्मतः सदोष असते. त्यामुळे गुणसूत्रे वारंवार तुटतात आणि ल्युकेमिया किंवा अन्य कर्करोगांचा धोका वाढतो. काही विरळ कुटुंबांत आरयूएनएक्स१ किंवा टीपी५३ जनुकातील दोष पिढ्यान्पिढ्या चालतो. १५ वे व २१ वे गुणसूत्र जन्मतः एकमेकांस जोडलेले असणाऱ्या अत्यंत थोड्या व्यक्तींत तर ल्युकेमियाच्या एका विशिष्ट प्रकाराचा धोका सुमारे २७०० पट असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. येथे एक वारशाने आलेली पुनर्रचना दुसऱ्या, नव्या पुनर्रचनेला वाट करून देते.

वर उल्लेखिलेल्या तिन्ही दुरुस्तिविकारांत, क्वचित अपवाद वगळता, आई व वडील दोघांकडून सदोष जनुक यावे लागते. म्हणून जवळच्या नात्यातील विवाहांत, मग ते चुलत-मामे भावंडांचे असोत वा मामा-भाचीचे, अशा विकारांची शक्यता वाढते. ज्या कुटुंबात असा रुग्ण आढळला असेल, त्यांनी जनुकीय सल्ला घेणे इष्ट आहे. तथापि हे विकार मुळातच दुर्मिळ आहेत. ल्युकेमियाच्या बहुसंख्य रुग्णांशी त्यांचा संबंध नसतो.

ज्ञानाचा उपचाराशी संबंध

बिघाड नेमका कोठे आहे हे कळल्याने उपचार बदलले. बीसीआर–एबीएल प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. एके काळी काही वर्षांतच प्राणघातक ठरणारा सीएमएल हा आजार आता बहुतेक रुग्णांत रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो. या औषधाच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागणारा नोव्हार्टिस कंपनीचा दावा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या स्वस्त गोळ्या उपलब्ध राहिल्या.

काही रुग्णांना अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची गरज पडते. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक असते. ‘आपल्यातही तोच दोष निघेल’ या भीतीने भावंड तपासणीला कचरले, तर रुग्णाची एक मोठी संधी जाते. वारशाचा संशय असलेल्या कुटुंबांतही दात्याची तपासणी अधिकच आवश्यक असते, कारण तोच दोष असलेली मज्जा रुग्णाला देणे घातक ठरते. दोन्ही स्थितींत तपासणी टाळण्यापेक्षा ती करून घेणेच हिताचे.

समारोप

ल्युकेमियातील गुणसूत्रीय पुनर्रचना बहुतांशी एका पेशीतील अपघात असतो. तो जनुकांत घडतो म्हणून जनुकीय, पण बीजपेशींत नसतो म्हणून पुढच्या पिढीत जात नाही. शिक्षकांनी ‘जनुकीय’, ‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ हे तीन शब्द फळ्यावर वेगवेगळे लिहून प्रत्येकाखाली एकेक उदाहरण द्यावे. सीएमएलमधील फिलाडेल्फिया गुणसूत्र पहिल्याचे, गर्भावस्थेत घडलेले ईटीव्ही६–आरयूएनएक्स१ दुसऱ्याचे आणि फॅन्कोनी अॅनिमिया तिसऱ्याचे. हा भेद नीट समजलेला विद्यार्थी उद्या आपल्या नात्यात किंवा शेजारी असा रुग्ण आढळला, तर आईला दोष देणाऱ्यांना थांबवू शकेल आणि भावंडांना तपासणीला पाठवू शकेल.