गप्पांच्या वाड्याचें स्थलांतर

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या घरीं यजमानांच्या नांवांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेल्या आढळतात. गोदावरीवर स्नानाला किंवा श्राद्धाला आलेला यात्रेकरू आपलें कुळ, मूळ गांव आणि वाडवडिलांचीं नांवें सांगतो. उपाध्याय नेमकी वही काढतात आणि त्या घराण्यांतील पूर्वी येऊन गेलेल्या माणसांचे लेख त्याच्यापुढें ठेवतात. मग तोहि आपलें व मुलाबाळांचें नांव लिहून खालीं सही करतो. जुने लेख पुष्कळदां मोडींत असतात. कागद जीर्ण झाला म्हणजे वही उतरून काढावी लागते, आणि तेथेंच खरी अडचण उभी राहते. नांवें नव्या वहींत येतील. परंतु आजोबांच्या हातचें अक्षर येईल काय? मोडी वाचतांना झालेली एखादी चूक पुढील पिढ्यांनीं प्रमाण मानली तर? आणि नवी वही निराळ्या क्रमानें लावली, तर पुढच्या यात्रेकरूला आपलें पान कसें सांपडावें?

संगणकाच्या जाळ्यावरील चर्चास्थळें हीं अशाच प्रकारच्या वह्या होत. फरक इतकाच कीं, येथें माणसें नांव लिहून निघून जात नाहींत, तर परस्परांशीं वर्षानुवर्षें बोलत राहतात. १९९६ च्या गणेशचतुर्थीस अजय गल्लेवाले यांनीं अमेरिकेंत ‘मायबोली’ हें स्थळ सुरू केलें व तिच्या ‘हितगुज’ विभागांत दूरदेशींच्या मराठी माणसांची बैठक जमूं लागली. २००४ मध्यें ‘मनोगत’, २००७ मध्यें ‘मिसळपाव’ व ‘उपक्रम’, २०११ मध्यें ‘ऐसी अक्षरे’ अशी ही परंपरा पुढें वाढत गेली. या स्थळांनीं मराठीला आपली अशी एक बोलीहि दिली. चर्चेच्या ओघाला ‘धागा’, व्यक्तिगत निरोपाला ‘व्यनि’, दुसऱ्याच्या पानावर टाकलेल्या चार ओळींना कोठें ‘खरड’ तर कोठें ‘विचारपूस’ म्हणूं लागले. पाककृति, प्रवासवर्णनें, शुद्धलेखनाचे वाद, आजारपणांतील धीराचे शब्द, असें सर्व कांहीं या वह्यांत सांठलें आहे. अशा स्थळाला घर बदलण्याची वेळ आली, तर त्यांतील काय काय बरोबर न्यावयाचें आणि तें कसें न्यावयाचें, हा प्रश्न वरवर यांत्रिक वाटला तरी मुळांत सामाजिक आहे.

मुळांत घर बदलावें तरी कां? चर्चास्थळ ज्या आज्ञावलीवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर उभें असतें, तिलाहि आयुर्मर्यादा असते. मायबोली व मिसळपाव या दोन्हीं स्थळांनीं ‘ड्रुपल’ या सर्वांस मोफत उपलब्ध असलेल्या आज्ञावलीचा आश्रय घेतला. तिची सहावी आवृत्ति फेब्रुवारी २००८ मध्यें आली आणि २४ फेब्रुवारी २०१६ रोजीं तिची अधिकृत देखभाल थांबली. सातवी आवृत्ति ५ जानेवारी २०११ रोजीं आली आणि बरोबर चौदा वर्षांनीं, ५ जानेवारी २०२५ रोजीं, तिचीहि देखभाल संपली. देखभाल थांबली म्हणजे घर त्याच दिवशीं कोसळतें असें नाहीं. परंतु दाराच्या कडींत दोष आढळला तर तो दुरुस्त करून देणारा सुतार उरत नाहीं, आणि चोरांना मात्र तो दोष ठाऊक झालेला असतो. शिवाय २०१५ मध्यें निघालेल्या आठव्या आवृत्तींत ड्रुपलची रचनाच इतकी पालटली कीं, जुन्या घराची डागडुजी करून भागेना. शेजारीं नवें घर बांधून सामान उचलून नेणें भाग पडलें. तात्पर्य, असें स्थलांतर ही पुष्कळदां चालकांची हौस नसून निकड असते.

सामानांतील पहिली वस्तु म्हणजे अक्षरें, आणि मराठीच्या बाबतींत तींच सर्वांत नाजूक. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धति १९९१ मध्यें प्रसिद्ध झाली; परंतु घरोघरच्या संगणकांवर देवनागरीसह ती रुळावयास आणखी दहा-बारा वर्षें लागलीं. तोंपर्यंत मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांच्या आधारें लिहिला जाई. या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीनें अक्षर रोमनच असे. फक्त त्याला देवनागरी चेहरा चढवलेला असे. तो फॉन्ट नसला कीं मुखवटा गळून पडे आणि वाचकापुढें निरर्थक चिन्हें उरत. असा मजकूर युनिकोडमध्यें आणणें म्हणजे एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर ठेवणें, एवढेंच काम नव्हे. ‘किती’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टांत तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमानें लिहिला जाई, म्हणजे आधीं ऱ्हस्व वेलांटी आणि मग ‘क’. युनिकोडमध्यें तो उच्चाराच्या क्रमानें लिहितात, म्हणजे आधीं ‘क’ आणि मग वेलांटी. ‘धर्म’ या शब्दांतील रफाराचें याच्या उलट आहे; तो जुन्या पद्धतींत ‘म’ च्या नंतर येई, युनिकोडमध्यें ‘म’ च्या आधीं. प्रत्येक वेलांटी व प्रत्येक रफार असा उचलून योग्य जागीं बसवावा लागतो, आणि जोडाक्षर आलें म्हणजे हें काम दुप्पट जपून करावें लागतें.

युनिकोडमध्यें आल्यावरहि सर्व चिंता मिटते असें नाहीं. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्यें स्वतंत्र स्थान २००८ मध्यें मिळालें. तत्पूर्वी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र जोडीत. दिसावयास दोन्हीं रूपें सारखींच. पण संगणकाला तीं भिन्न. ‘दुसऱ्या’ व ‘तऱ्हा’ या शब्दांतील अर्धा ‘र’ देखील दोन प्रकारांनीं लिहिलेला सांपडतो. स्थलांतर करतांना हा भेद मिटविला नाहीं, तर सदस्य शोध घेतो, उत्तर ‘कांहीं सांपडलें नाहीं’ असें येतें, आणि लेख मात्र तेथेंच असतो. माहिती सांठविणाऱ्या मायएसक्यूएल या प्रचलित व्यवस्थेंतहि असाच एक सांपळा आहे. तिच्या जुन्या युनिकोड-मांडणींत एका चिन्हाला तीन बाइटांपेक्षां अधिक जागा मिळत नसे. देवनागरी अक्षराला तीनच बाइट लागतात, म्हणून मराठी वांचली. पण हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या इमोजींना चार लागतात, आणि त्या चिन्हापासून पुढचा सारा मजकूर कापला जाण्याचा संभव असतो. कोणाच्या तरी मृत्युलेखाचा उत्तरार्ध एका हात जोडल्याच्या चिन्हापायीं नाहींसा व्हावा, हें तंत्राच्या दृष्टीनें क्षुल्लक असलें तरी लिहिणाराच्या दृष्टीनें क्षुल्लक नाहीं.

दुसरी वस्तु म्हणजे माणसाची ओळख. सदस्याचा परवलीचा शब्द स्थळाच्या दप्तरांत लिहून ठेवलेला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. सुव्यवस्थित स्थळावर तो शब्द नसतोच. असते ती त्यापासून गणितानें काढलेली मुद्रा. मुद्रेवरून शब्द सहजीं काढतां येऊं नये, हाच तिचा हेतु. नव्या आज्ञावलीची मुद्रा काढण्याची रीत निराळी असली, तर चालकापाशीं जुना शब्दच नसल्यामुळें तो नवी मुद्रा काढूं शकत नाहीं. ड्रुपलच्या सहाव्या आवृत्तींतून सातवींत जातांना यावर एक युक्ति योजली होती: जुन्या मुद्रेवरच नवी, अधिक बळकट मुद्रा उठवावयाची आणि सदस्य प्रथम आंत आला कीं त्यानें दिलेल्या शब्दावरून शुद्ध नवी मुद्रा करून ठेवावयाची. जेथें अशी सोय नसते, तेथें प्रत्येकाला ई-पत्रानें नवा शब्द मागवावा लागतो. आणि ज्याचा पत्ता पूर्वीच्या नोकरीच्या ठिकाणचा होता, तो स्वतःच्याच घराबाहेर राहतो. टोपणनांवांचीहि गोष्ट अशीच. मराठी स्थळांवर देवनागरी टोपणनांव ही माणसाची दुसरी ओळखच झालेली असते; पण ‘डिस्कोर्स’सारख्या आज्ञावलींत देवनागरी नांवांची मुभा चालकाला मुद्दाम द्यावी लागते. ती न दिली तर वीस वर्षांचें नांव एका रात्रींत रोमन होतें.

तिसरी वस्तु संवादाची घडण. कांहीं स्थळांवर प्रतिसाद रांगेनें एकाखालीं एक येतात. कांहींवर प्रत्येक उत्तर ज्या वाक्याला दिलें असेल त्याच्या पोटांत बसतें. मिसळपाववर ही दुसरी पद्धत रूढ झाली. उलट, २०१३ मध्यें पुढें आलेल्या डिस्कोर्सच्या कर्त्यांनीं आरंभीं रांगेचीच मांडणी पसंत केली. पोटांतल्या उत्तरांची चर्चा रांगेंत ओतली, तर शब्द सगळे शाबूत राहतात. परंतु ‘हें मला मुळींच पटत नाहीं’ हें वाक्य कोणाला उद्देशून होतें, तें कळेनासें होतें. भलत्याच माणसाचा उपमर्द झाल्यासारखा दिसतो आणि जुनीं भांडणें नव्यानें उकरलीं जातात.

चौथी वस्तु पत्ता. १८४० मध्यें स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ग्रंथसंग्रहांतील सर्व पुस्तकांचे क्रमांक एका रात्रींत बदलले आणि जुनी यादी फेकून दिली, तर पुस्तक कपाटांत असूनहि वाचकाच्या दृष्टीनें तें हरवलेंच. जाळ्यावरील प्रत्येक लेखाचा पत्ता हा असाच क्रमांक असतो. तो इतर लेखांत, ई-पत्रांत, शोधयंत्रांच्या सूचींत विखुरलेला असतो. म्हणून जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला नव्या पत्त्यावर कायमचें पोंचविण्याची व्यवस्था करावी लागते. तिला ‘तीनशें एक’ या सांकेतिक क्रमांकानें ओळखतात. हें काम कंटाळवाणें असतें, म्हणूनच तें प्रथम टाळलें जातें, आणि त्याचें नुकसान वर्षानुवर्षें भोगावें लागतें. मायबोलीनें नव्या व्यवस्थेंत जातांना जुनें हितगुज केवळ वाचनापुरतें उघडें ठेवलें. सर्व सामान हलविण्यापेक्षां जुन्या वाड्याची एक खोली तशीच राखणें, हाहि कित्येकदां शहाणपणाचा मार्ग ठरतो.

याच्या उलट, कांहीं वस्तु न नेणें हेंच कर्तव्य असतें. मायबोलीवर ‘वाहतें पान’ असा एक प्रकार आहे. नवीन बोलणें येईल तसतसें जुनें पुसलें जातें. तेथें लिहिणारा तें ओघांत वाहून जाईल याच भरंवशावर लिहितो. व्यक्तिगत निरोपांचें तर सांगावयासच नको. स्थलांतराच्या वेळीं हें सारें दप्तर कोणा तरी माणसाच्या हातांतून जातें. काय उघडें राहील, काय झांकलें जाईल व काय नष्ट केलें जाईल, हें सदस्यांना आधीं सांगितलें पाहिजे. आणि आपलें लेखन मागें घेण्याची वा आपल्यापाशीं उतरून घेण्याची संधि त्यांना मिळाली पाहिजे.

न विचारतां केलेल्या बदलाचें फळ काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंतील ‘डिग’ या स्थळानें घालून दिलें. ऑगस्ट २०१० मध्यें त्यानें संपूर्ण नवी रचना एकाएकीं अंमलांत आणली व सदस्यांच्या हातांतील जुनीं साधनें काढून घेतलीं. संतापलेल्या सदस्यांनीं डिगच्या पहिल्याच पानावर ‘रेडिट’ या प्रतिस्पर्ध्याचे दुवे भरून टाकले, आणि पुष्कळांनीं तेथेंच बिऱ्हाड हलविलें. याहू कंपनीचे गट तर स्थलांतराविनाच संपले. ऑक्टोबर २०१९ मध्यें सांठविलेला मजकूर काढून टाकण्याची घोषणा झाली आणि १५ डिसेंबर २०२० रोजीं ही सेवाच बंद पडली. ज्यांनीं वेळेवर प्रती उतरून घेतल्या नाहींत, त्यांचीं अनेक वर्षांचीं संभाषणें त्याबरोबर गेलीं.

म्हणून जाणते चालक हें काम पायरीपायरीनें करतात. प्रथम संपूर्ण दप्तराची प्रत काढून ती नव्या घरांत बसवून पाहतात. कांहीं सदस्यांना तेथें बोलावून त्यांच्याकडून आपापले जुने लेख तपासून घेतात. कारण एखादी वेलांटी कोठें सरकली आहे, तें लिहिणाराच्या डोळ्यांना जितकें लवकर दिसतें तितकें यंत्राला दिसत नाहीं. दोष दुरुस्त झाल्यावर आगाऊ कळविलेल्या दिवशीं जुन्या स्थळावरील लेखन थांबवितात, अखेरची प्रत नेतात, धागे व प्रतिसाद यांची संख्या दोन्हींकडे मोजून ताळा घेतात आणि मगच दार उघडतात. जुनी प्रत तरीहि कित्येक महिने राखून ठेवतात.

या साऱ्या खटाटोपाची खरी कसोटी मात्र जे सदस्य रोज येऊन तक्रार करूं शकतात, त्यांच्यावरून लागत नाहीं. प्रत्येक जुन्या स्थळावर कांहीं नांवें अशीं असतात कीं, त्यांचीं माणसें आतां या जगांत नाहींत. तीं नवा परवलीचा शब्द मागणार नाहींत, चुकलेली वेलांटी दाखविणार नाहींत, पत्ता बदलल्याची कुरकुर करणार नाहींत. त्यांचा लेख त्यांच्याच नांवाखालीं, त्यांनीं ज्याला उत्तर दिलें त्याच्याच शेजारीं, शब्द न शब्द शाबूत राहिला, आणि दहा वर्षांनीं त्यांच्या मुलीला तो जुन्या दुव्यावरून सांपडला, तरच स्थलांतर नीट पार पडलें असें म्हणावयाचें.