दोन धातूंमधली फट

२००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाच्या चाचणीगृहात एक निर्दय प्रयोग झाला. गेम चालू असताना प्रोसेसरवरचा कूलर चक्क उपटून काढायचा आणि पुढे काय होते ते कॅमेऱ्यात टिपायचे. इंटेलचा पेंटियम ४ रांगू लागला, पण बंद पडला नाही. कूलर परत ठेवताच पूर्ववत पळू लागला. पेंटियम ३ जागच्या जागी अडकला, तरी वाचला. एएमडीच्या अॅथलॉनमधून मात्र धूर निघाला आणि तो कायमचा गेला.

आता सगळ्याच प्रोसेसरांना स्वतःचा जीव वाचवता येतो. तापमान मर्यादेला टेकले, म्हणजे इंटेलच्या बहुतेक चिपांत १०० अंश सेल्सिअस आणि एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक चिपांत ९५, की चिप आपला वेग आपणच उतरवते. तरीही भागले नाही तर मशीन बंद. त्यामुळे वाकडा बसलेला कूलर हल्ली धुराने कळत नाही. विंडोज सुरू होते, गिऱ्हाईक पैसे मोजून घरी जाते आणि ‘एवढा महागाचा प्रोसेसर घेऊनही स्लो कसा?’ म्हणून कुरकुरत राहते. मला हा प्रकार धुरापेक्षा वाईट वाटतो. धूर निदान लगेच दिसतो तरी.

१९९३ च्या ६६ मेगाहर्ट्झ पेंटियमची उष्णतेची कमाल मजल १६ वॉटची होती, आणि तेव्हा तीही फार वाटली होती. २०२३ चा कोअर आय९-१४९००के २५३ वॉटपर्यंत जातो, तोही जेमतेम अडीच चौरस सेंटीमीटरच्या सिलिकॉनमधून. हजार वॉटच्या इस्त्रीच्या तळाला दर चौरस सेंटीमीटरमागे साधारण पाच वॉट वाट्याला येतात, इथे शंभर.

ही उष्णता कूलरपर्यंत पोचायची तर वाटेत एक फट आहे. प्रोसेसरचे झाकण आणि कूलरचा तळ हाताला कितीही गुळगुळीत लागले तरी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही खडबडीतच, आणि त्या खळग्यांत हवा. तांब्याची उष्णतावाहकता ४००च्या घरात (वॉट प्रति मीटर-केल्व्हिन), हवेची ०.०२६. म्हणजे फरक पंधरा हजार पटींचा. या फटीत भरायच्या थर्मल पेस्टची साधारण ४ ते १२. पेस्ट तांब्यापुढे अगदीच कच्ची आहे; तिचे काम फक्त हवेला हुसकावण्याचे. म्हणून थर पातळ हवा, पण कोपरे कोरडे नकोत. मधोमध ठिपका द्यावा की फुली काढावी यावर मंडळी हमरीतुमरीवर येतात. चाचण्यांत फरक किरकोळच निघतो. साधी पेस्ट थोडी जास्त झाली तर बाजूने बाहेर येते, एवढेच. कमी पडली तर चिप तापते. पेस्टऐवजी वापरल्या जाणाऱ्या गॅलियमयुक्त द्रवधातूची गोष्ट निराळी: तो वीज वाहून नेतो आणि अॅल्युमिनियम खातो, तेव्हा नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

खरा घोळ होतो दाबात. २००४ च्या एलजीए ७७५ सॉकेटपासून इंटेलच्या साध्या कूलरला चार प्लॅस्टिक पिना असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज ऐकायचा. मागे कधी कूलर काढताना पिन बाणाच्या दिशेने फिरवलेली असेल, तर आधी ती उलटी फिरवून घ्यावी लागते. नाहीतर वरून बसल्यासारखी दिसते, पण धरत नाही. बोर्ड उलटा करून चारही पिनांची टोके आरपार आलीत ना, हे पाहायला अर्धे मिनिट पुरते. तीन बसल्या आणि एक उचललेली राहिली, तर पेस्ट कितीही भारी असो, उपयोग नाही. स्क्रूवाला कूलर असेल तरी एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळू नये. कर्णावरचे दोन स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने. थ्रेडरिपर प्रोसेसरच्या सॉकेटसाठी तर २०१७ साली एएमडीने ठराविक जोर लागताच सुटणारा स्क्रूड्रायव्हरच खोक्यात दिला होता. जुना कूलर नव्या बोर्डावर चढवतानाही जपावे: एलजीए ११५१ ची भोके ७५ मिलिमीटरवर, एलजीए १७०० ची ७८ वर. ‘थोडे ओढून बसेल’ म्हणणाऱ्याच्या हाती मशीन देऊ नका.

कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढायला विसरणारे आजही भेटतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरून कूलर सरळ वर ओढणारेही. घट्ट झालेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर १३३१ पिनांसकट उपटून येतो. मशीन आधी थोडे चालवून पेस्ट मऊ करावी, मग कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे पिळून सोडवावा.

हे सगळे साधले तरी हवेवर चालणारा कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. पंचवीस अंशांच्या खोलीत सत्तरवर राहणारा प्रोसेसर चाळीस अंशांत पंच्याऐंशीच्या आसपास जाणार. विदर्भातल्या मे महिन्यात, जिथे बाहेर पारा पंचेचाळीस ओलांडतो, तिथे जोडणीतली ढिलाई खपत नाही.

म्हणून मशीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवून घ्या नाहीतर तालुक्याच्या दुकानात, पैसे देण्याआधी दहा मिनिटे पूर्ण भार टाकून तापमानाचा आकडा पडद्यावर दाखवायला सांगा. आकडा मिनिटामिनिटाने चढत गेला तर पंखा किंवा कॅबिनेटमधली हवा पाहा. मधल्या किमतीच्या प्रोसेसरवर तो काही सेकंदांतच शंभराला भिडला, तर कूलर तिथल्या तिथे काढून पुन्हा बसवून घ्या.